मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करताना

पायथ्याच्या पाचनई गावाकडून उजाडायच्या आत चढायला लागा, दहानंतर कातळ चटके देतो. वाटेतले ओढे कोरडे असतात, म्हणून माणशी 3 लिटर पाणी पायथ्याशीच भरा. मंदिराजवळच्या टाक्यांतलं पाणी फडक्यातून गाळून, खळखळून उकळूनच प्या. त्यासाठी छोटा गॅस न्या, चूल नको. वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते. घामाबरोबर मीठही जातं, तेव्हा लिंबू-मीठ-साखर हाताशी ठेवा.

कोकणकड्याच्या काठावर तंबू ठोकायचा मोह होतोच. फोटो झकास येतो, कबूल! पण रात्री दरीतून वारा असा उसळतो की खुंट्या उपटतात. चांगलं आत, आडोशाला जागा बघा. गड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे नियम वनखात्याकडे आधीच विचारा.