चाके बदलल्यावर हवेच्या दाबाचा दिवा जात नाही? या चुका टाळा

टायर, अलॉय किंवा स्टेपनी बदलल्यानंतर डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागतो, आणि ही तक्रार घेऊन आमच्या अलाइनमेंटच्या दुकानात येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी येण्याआधीच काही ना काही उद्योग करून ठेवलेला असतो. कोणी दिसेल ते बटण दाबलेले असते, कोणी बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडलेली असते, तर कोणी मोबाइलवर पाहिलेल्या युक्तीने चारही चाकांतली हवा सोडून पुन्हा भरलेली असते. मूळ दोष बहुधा साधा असतो. त्यावर चढवलेले उपाय उतरवण्यातच वेळ जातो.

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ हे की, आपल्या गाडीत कोणत्या प्रकारची यंत्रणा आहे हे मालकाला ठाऊक नसते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक छोटा सेन्सर असतो. त्याची स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा क्रमांक असतो, आणि तो रेडिओलहरींवरून हवेचा दाब व तापमान गाडीला कळवत राहतो. क्रेटा किंवा सेल्टोससारख्या गाडीत पडद्यावर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे दिसतात ते यामुळे. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते आणि ते चाक इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांची गती मोजतच असतात, त्यामुळे गाडी त्या फरकावरून अंदाज बांधते. कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस यांतली यंत्रणा या जातीची, आणि टाटा ज्याला आयटीपीएमएस म्हणते तीही हीच. पडद्यावर पीएसआयचे, म्हणजे हवेच्या दाबाचे, आकडे दिसत असतील तर पहिला प्रकार, नुसता इशारा येत असेल तर बहुधा दुसरा, इतकी साधी खूण पुरेशी आहे. शंका असल्यास गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढावे. बहुतेकांचे ते गाडी विकेपर्यंत कोरे राहते.

हवा न मोजता बटण दाबणे

ही चूक दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांत होते आणि माझ्या मते ती सर्वांत धोकादायक आहे. रीसेटच्या बटणाने किंवा मेनूतल्या तशा पर्यायाने गाडीला एवढेच सांगितले जाते की, या क्षणी चारही चाकांत जी हवा आहे ती योग्य आहे, तिचीच खूणगाठ बांध. हवा योग्य आहे की नाही हे गाडी तपासत नाही. तिला ते तपासता येतच नाही. ती जबाबदारी बटण दाबणाऱ्याची आहे.

आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका गृहस्थांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात बारीक खिळा गेला होता आणि हवा अगदी हळू उतरत होती. दिवा लागला की ते बटण दाबत, दिवा जाई, आणि पुन्हा काही दिवसांनी लागे. मी फोनवर हवा मोजायला सांगितली, तेव्हा उत्तर मिळाले, "अहो, दिवा गेला ना? मग झालं तर! सेन्सरच जरा नाजूक आहे त्याचा." यंत्रणा नाजूक नव्हती, ती बिचारी इमानदारीने बोंबलत होती. प्रत्येक वेळी बटण दाबून त्यांनी आधीपेक्षा कमी हवेलाच योग्य ठरवले, आणि साताऱ्याच्या पुढे उंब्रजजवळ त्या टायरची बाजू फाटली. सुदैवाने गाडी डाव्या लेनमध्ये होती आणि वेग बेताचा होता. ते टायर आमच्याकडे आल्यावर रिमवरून उतरवले, तर आतून मूठभर काळी रबराची भुकटी निघाली आणि बाजूच्या भिंतीवर आतल्या अंगाला घासल्याचा पट्टा सगळीकडून फिरलेला होता. कमी हवेवर टायर बराच काळ पळाले की बाजूची भिंत प्रत्येक फेरीला दुमडते, तापते आणि आतून झिजते. बाहेरून ते टायर जवळजवळ नवे दिसत होते. खिळा वेळेवर काढला असता तर पंक्चरच्या पैशांत भागले असते.

माझी पद्धत ठरलेली आहे आणि ती घाईच्या माणसाला आवडत नाही. गाडी किमान तीन तास उभी असावी, म्हणजे टायर थंड असतात. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्यात दिलेली हवा चारही चाकांत स्वतःच्या गेजने मोजून भरावी, आणि त्यानंतरच बटणाला हात लावावा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, भरायची हवा नव्हे. तरीही तो वाचून हवा भरणारे लोक रोज भेटतात. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी बदलले की दाब सुमारे एक पीएसआयने बदलतो. एक्सप्रेसवेवरून आलेल्या तापलेल्या चाकात ३३ पीएसआय मोजून रीसेट केले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड चाकात २९ किंवा त्याच्या आसपास हवा असते, आणि गाडी त्यालाच योग्य मानून बसलेली असते. पेट्रोल पंपावरच्या यंत्राचा आकडा मी मानत नाही. त्या नळ्या दिवसभर जमिनीवर आपटत असतात.

नवीन टायर बसवून घेतले असतील तर आणखी एक तपासणी हवी. टायरचे बीड, म्हणजे आतली जाड कड, रिमवर नीट बसावे म्हणून दुकानदार हवा बरीच जास्त भरतो आणि घाईत ती तशीच राहते. अशा हवेवर रीसेट केले की पुढे कोणी योग्य हवा करून दिली तरी दिवा लागू शकतो, आणि मग दोष गाडीला दिला जातो.

एकच टायर नवे घातले तरी या प्रकारात रीसेट लागतेच. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, अर्ध्याहून जास्त झिजलेल्याची तीनच उरलेली असते, आणि त्रिज्येतला हा फरक गाडीला हवेतला फरक वाटू शकतो.

सेन्सर जुन्या रिममध्येच ठेवून नवे अलॉय बसवणे

पहिल्या प्रकारच्या गाड्यांत हा प्रकार सर्वाधिक होतो. अलॉयच्या दुकानात झगमगाट पाहून मोठ्या मापाचा संच पसंत केला जातो, टायरसकट बसवून घेतला जातो, आणि जुन्या चाकांच्या व्हॉल्व्हला चिकटलेल्या चार महागड्या वस्तूंचा विचार ना विकणारा करतो ना घेणारा.

एका तरुण ग्राहकाने अशीच चाके बदलून घेतली आणि जुनी चारही चाके, टायरसकट, मागची सीट पाडून गाडीतच घातली. घरी जाताना पडद्यावर चारही आकडे व्यवस्थित दिसत होते. दुकानदाराने त्याला सांगितले होते की सेन्सर "आपोआप जुळतात", आणि पडदा त्याची ग्वाही देत होता. रविवारी जुनी चाके गच्चीवर गेली आणि सोमवारी दिवा आधी लुकलुकून मग पेटला. तो आमच्याकडे आला तो थेट "नवीन सेन्सर खराब निघाले" ही तक्रार घेऊन. नव्या चाकांत सेन्सर नव्हतेच. काही सेन्सर चाक न फिरताही अधूनमधून संदेश पाठवतात, आणि त्याची गाडी मागच्या सीटवर निजलेल्या चाकांची हवा इतक्या वेळ मोठ्या इमानाने दाखवत होती. मी त्याला विचारले की घरी जाताना आकडे वाढले होते का. तो म्हणाला, "नाही दादा, सगळ्यांत ३३, अजिबात हलले नाहीत." रस्त्यावर तासभर पळालेल्या चाकातली हवा तापून तीन-चार पीएसआय वाढायलाच हवी. आकडे एका जागी गोठलेले असतील तर ते पळणाऱ्या चाकांचे नाहीत हे तिथेच ओळखावे.

यावर उपाय दोनच. जुने सेन्सर काढून नव्या रिममध्ये बसवणे हा मला पटणारा, कारण त्यांचे क्रमांक गाडीला आधीच माहीत असतात. फक्त नवी रिम पाहताना व्हॉल्व्हच्या भोकाचा कोन आणि आतली जागा तपासावी. काही रिममध्ये सेन्सर बसतच नाही किंवा तिरका राहतो. दुसरा उपाय म्हणजे नवे सेन्सर घेऊन त्यांचे क्रमांक स्कॅनरने गाडीत नोंदवणे. प्रोग्राम करता येणाऱ्या सेन्सरमध्ये जुन्याचाच क्रमांक भरताही येतो, आणि दोन संच आलटूनपालटून वापरणाऱ्याला ते सोयीचे पडते. पण मग दुसरा संच गाडीत ठेवून फिरू नये, म्हणजे झाले.

सेन्सर विकत घेताना त्याची फ्रिक्वेन्सी पाहावी. आपल्याकडच्या गाड्यांत सामान्यतः ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झचे. तिकडच्या नातलगांनी बॅगेतून आणलेले स्वस्त सेन्सर दिसायला हुबेहूब असतात, चाकात बसतातही, आणि गाडीला त्यांचा एक शब्दही ऐकू येत नाही.

दिव्याची भाषा न वाचणे

दिवा लागून स्थिर राहिला तर बहुधा कुठल्यातरी चाकात हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे सेन्सर सापडत नाही, त्याची बॅटरी संपली आहे किंवा क्रमांक नोंदलेला नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यावर हवा भरत बसणे व्यर्थ, आणि स्थिर दिव्यावर स्कॅनर लावणे म्हणजे पैशांचा चुराडा. दिवा नसणे म्हणजे हवा ठीक असणे, हेही गृहीत धरू नये. अनेक गाड्यांत दाब तक्त्यापेक्षा सुमारे पंचवीस टक्के घटल्यावरच इशारा येतो, म्हणजे ३३ ऐवजी २६ हवा असली तरी डॅशबोर्ड शांत राहू शकतो. महिन्यातून एकदा गेज हातात धरायला पर्याय नाही.

दोन गल्ल्या फिरून परत येणे

बऱ्याच गाड्या नवे क्रमांक किंवा नवा अंदाज चालवताना शिकतात. चाकातला सेन्सर गाडी उभी असताना बहुधा झोपलेला असतो आणि साधारण ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर गेल्यावर जागा होतो. काही गाड्यांत त्या वेगाच्या वर पंधरा-वीस मिनिटे सलग चालवावे लागते. स्वारगेटच्या सिग्नलला थांबत थांबत गेलेला माणूस "अर्धा तास चालवली, काही झालं नाही" म्हणतो, तेव्हा त्याला मी कात्रजच्या बोगद्यातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन यायला सांगतो. तिथून कित्येकांचे आभाराचे फोन येतात. ज्या गाड्या आपोआप शिकत नाहीत त्यांना मात्र स्कॅनर लागतोच, आणि तिथे शंभर किलोमीटर पळवूनही फरक पडत नाही. हे आधीच पुस्तकात पाहावे.

बॅटरीची वायर काढण्याचा उपाय मी कोणालाही सुचवत नाही. घड्याळ जाते, काचा आपोआप वर जाण्याची सोय बिघडते, आणि नोंदलेले क्रमांक बहुधा होते तसेच राहतात.

चाकांची अदलाबदल केल्यावर काही गाड्यांत पुढच्या चाकाचा आकडा मागच्या जागी दिसतो. पंक्चर भलत्याच चाकात शोधायचे नसेल तर जागांची नोंद नव्याने करून घ्यावी.

स्टेपनी लावल्यावर घाबरणे

आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो आणि कित्येकदा तिचे मापही लहान असते. ती लावल्यावर दिवा लागणे हे यंत्रणा काम करत असल्याचे लक्षण आहे. रीसेट करू नये, मूळ चाक दुरुस्त करून परत लावावे. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलून, ट्यूबलेस टायर, दाबाची यंत्रणा आणि पंक्चरचे किट असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल अशी मुभा दिली. अशा गाडीत किटमधला चिकट द्रव वापरल्यास तो सेन्सरच्या बारीक भोकात जाऊन चुकीचा आकडा दाखवू शकतो. घरी आल्यावर टायर उतरवून सेन्सर पुसून घ्यावा.

हातोडी, पहार आणि भलत्या वस्तू

टायर सोडवणाऱ्याला चाकात सेन्सर आहे हे आधी सांगावे. यंत्राचे फावडे व्हॉल्व्हच्या बाजूने दाबले की सेन्सरचे कवच तुटते. व्हॉल्व्ह विरुद्ध बाजूला ठेवून बीड सोडवण्याची सवय असलेलाच माणूस निवडावा, रांग थोडी मोठी असली तरी. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन किंवा वर धातूचे टोपण बसवू नये, पावसाळ्यानंतर ते गंजून एकजीव होते आणि मग व्हॉल्व्हच मोडतो. निकेलचा मुलामा दिलेली पिन आणि प्लास्टिकचे टोपण पुरेसे आहे. सेन्सरची बॅटरी आतच बंदिस्त असते, ती बदलता येत नाही, आणि पाच ते दहा वर्षांत संपते. एक गेला की उरलेल्या तिघांचेही वय तेच असते, म्हणून जुन्या गाडीत टायर बदलताना चारही सेन्सरचा विचार एकदमच करावा.

हायवेवर टायर जास्तच फाटले तर ट्यूबलेस चाकात ट्यूब घालून वेळ मारून नेली जाते. ट्यूबचा व्हॉल्व्ह त्याच भोकातून काढावा लागत असल्याने सेन्सर उतरवावा लागतो, आणि तो बहुतेकदा दुकानाच्या कोपऱ्यातल्या भंगारात जातो. तो तिथेच मागून घ्यावा, रुमालात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवावा, आणि नवे टायर बसवताना रबरी वॉशर व नट बदलून पुन्हा लावून घ्यावा. क्रमांक तोच असल्यामुळे बहुतेक गाड्या त्याला लगेच ओळखतात.