रोहूच्या भ्रूणातील संप्रेरक-जनुकांची अभिव्यक्ती कशी मोजावी

तापी-गिरणेच्या खोऱ्यात रोहू माशाचे प्रजनन पावसाळ्यात होते. वृद्धी-संप्रेरकाच्या किंवा थायरॉइड-ग्राहीच्या (थायरॉइड संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे जनुकापासून किती आरएनए बनते ते, मोजायची असेल, तर त्याच हंगामात किमान तीन माद्यांची अंडी वेगवेगळी ठेवून नमुने घ्यावेत. 28 अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण 14 ते 20 तासांत पिले बाहेर पडतात, म्हणून फलनाची वेळ मिनिटासह टिपून दर दोन तासांनी तीस-चाळीस अंडी उचलावीत. घड्याळापेक्षा सूक्ष्मदर्शकाखालील अवस्थेवर भिस्त ठेवावी, कारण खानदेशी उकाड्यात हौदाचे पाणी तापले की विकास पुढे पळतो. दुधी, अपारदर्शक दिसणारे अंडे मेलेले असते. ते ड्रॉपरने आधीच बाजूला काढावे. पाणी निथळून नमुना तत्काळ आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवावा. ‘प्रयोगशाळेत गेल्यावर पाहू’ म्हटले, की आरएनए गेलेच समजावे. पुढे डीएनएज प्रक्रिया (मिसळलेला डीएनए काढणे), सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए-प्रत) आणि क्यूपीसीआर (त्या प्रतींचे प्रमाण मोजणे) ही नेहमीची वाट. खरी गोम संदर्भ-जनुकांत, म्हणजे ज्यांच्या स्थिर पातळीशी तुलना करून बाकीची मोजायची त्या जनुकांत, आहे: बीटा-अ‍ॅक्टिनची पातळीही सुरुवातीच्या अवस्थांत बदलते, तेव्हा दोन-तीन जनुके पारखूनच निवडावीत. पहिल्या काही तासांतील आरएनए मातेने अंड्यात ठेवलेले असते. ते आढळले म्हणून भ्रूणाचे स्वतःचे जनुक सुरू झाले, असे नोंदवू नये.