गॅस भरण्याआधी गेज नीट वाचा: कोल्ड स्टोरेजमधल्या या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की नाशिककडच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टेंपरेचर उतरत नाही, गॅस घेऊन या." मी गॅस नेतो, पण सिलिंडर गाडीतून लगेच उतरवत नाही.

रेफ्रिजरंट, म्हणजे यंत्रात फिरून गारवा देणारा हा गॅस, डिझेलसारखं जळून संपत नाही. कमी झालं असेल, तर कुठून तरी गेलंय. एका ठिकाणी एकाच हंगामात चार वेळा गॅस भरला होता. टॉर्च घेऊन बसलो, तर प्रेशर स्विचच्या बारीक नळीच्या फ्लेअर नटाखाली (नळीचं पसरवलेलं तोंड आवळून धरणारा नट) धूळ चिकटलेला काळपट तेलाचा डाग. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून आधी डाग शोधायचे. साबणाचं पाणी लावल्यावर मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. नवं फ्लेअर केलं आणि गळती थांबली.

दुसरी चूक साईट ग्लासची, म्हणजे द्रव गॅसच्या नळीवरच्या काचेच्या खिडकीची. फेस दिसला की गॅस कमी, असं सर्रास धरलं जातं. पण फिल्टर ड्रायर (गॅसमधला कचरा आणि ओल अडवणारी गाळणी) चोक झाला तरी फेस येतो. ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहा. गॅस बाहेर पडतो ते टोक आत शिरतो त्या टोकापेक्षा गार लागलं किंवा त्यावर दव धरलं, तर दोष ड्रायरचा. खात्रीसाठी सुपरहीट (वाफ तिच्या उकळण्याच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त गरम आहे) आणि सबकूलिंग (द्रव वाफेचं द्रव होण्याच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त गार आहे) दोन्ही मोजा. इव्हॅपोरेटरमधून (खोली गार करणाऱ्या कॉइलमधून) वाफ बाहेर पडते तिथे सुपरहीट साधारण ५ ते ८ अंश असावं. ते खूप वाढलंय आणि सबकूलिंग जवळपास नाही, तर गॅस खरंच कमी आहे. सुपरहीट वाढलंय पण सबकूलिंग भरपूर आहे, तर ड्रायर किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रवाचा दाब उतरवून ते इव्हॅपोरेटरमध्ये सोडणारा) तपासा. अशा वेळी गॅस भरलात तर रिसीव्हरमध्ये (द्रव साठवायच्या टाकीत) न मावलेलं द्रव कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या) नळ्यांत साठतं, डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, चढतं, मोटर जास्त अँपिअर ओढते. कंडेन्सर मळलेला असला तरी प्रेशर चढतंच, म्हणून आधी तो धुवा.

आर-४०७सी हे रेफ्रिजरंट तीन वायूंचं मिश्रण आहे. ते वाफेच्या रूपात भरलं, तर आर-३२ आणि आर-१२५ आधी निघतात आणि मिश्रण बिघडतं. द्रवरूपातच घ्या, पण चालू कंप्रेसरच्या सक्शनला (गॅस आत ओढणाऱ्या बाजूला) थोडं थोडं, व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून. द्रव थेट आत गेलं तर कंप्रेसरची व्हॉल्व्ह प्लेट मोडते.

आणि हात जोडून सांगतो, प्रेशर टेस्टला (दाब भरून गळती तपासताना) ऑक्सिजन कधीही लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं की स्फोट होतो. कोरडा नायट्रोजनच वापरा, तोही रेग्युलेटर लावून. मग ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे व्हॅक्यूम मोजायचं बारीक माप) व्हॅक्यूम काढा, पंप बंद करून काटा वर चढत नाही ना ते पाहा आणि गॅस वजनकाट्यावर तोलून भरा. किती किलो गेला ते तारखेसकट पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा, पुढच्या मेकॅनिकला तिथूनच सुरुवात करता येईल.