आजोबांची स्मरणिका: वर्षश्राद्धाआधी हातात यावी म्हणून

तेराव्याला घर भरलेलं असतं तेव्हा कुणीतरी म्हणतंच, "अण्णांवर एक छोटंसं पुस्तक काढूया." मग अकरा महिने निघून जातात आणि वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं की धावपळ सुरू होते. सोळा पानं, तीनेक हजार शब्द, दहा-बारा फोटो एवढी स्मरणिका नीट व्हायला चार महिने धरा. ज्यांच्याकडे आठवणी आहेत ती निम्मी माणसं मुंबई-ठाण्यात. ती एका ओटीवर सापडतात शिमग्यात, मे महिन्यात नाहीतर गणपतीत. बोलणी रेकॉर्ड करायचं काम अशाच एखाद्या मुक्कामात उरका.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाका आणि बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवलात तर कपबशीचा आवाज आत्येच्या आवाजावर चढतो. पंखा बंद करा आणि पावसात पत्र्याखाली बसू नका. एका माणसाला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये.

"अण्णा कसे होते?" असं विचारलंत की उत्तर येतं "देवमाणूस", आणि विषय तिथेच संपतो. प्रश्न बारीक हवेत. मुंबईहून आले की पिशवीतून आधी काय काढायचे? आंबे उतरवताना झेला (फळ काढायची जाळीची काठी) कुणाच्या हातात द्यायचे? नातवाला पोहायला व्हाळाच्या कुठल्या कोंडीत शिकवलं? रागावले की जेवायचे का? उत्तर मालवणीत आलं तर तसंच छापा. "वायच थांब रे झिला" याचं "जरा थांब बाळा" केलंत की आजोबा गेलेच त्यातून. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ हे शब्द तर बॅनरवाल्याकडे तयार असतात, ते त्याच्याकडेच राहू द्या. तापट असतील तर तापट लिहा, वाचणाऱ्यांना ते माहीतच असतं. फक्त जमिनीच्या वाटपाचा विषय या पुस्तकात आणू नका.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली तर सावध व्हा. पूर्वी पोराला शाळेत घालताना गुरुजी सर्रास तीच लावत. जन्मटिपण सापडलं तर ते जास्त भरवशाचं. त्यावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सन काढायला पाडव्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तिथीसाठी 78 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत 79. शके 1860 चा श्रावण म्हणजे 1938, पण त्याच शकातला माघ 1939 मध्ये येतो. म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतो. म्हणून प्रसंगांची यादी जवळ ठेवा: रामदास बोट बुडाली 17 जुलै 1947, नवे पैसे आले 1 एप्रिल 1957, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981, गिरणी संप सुरू झाला 18 जानेवारी 1982, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली 26 जानेवारी 1998. "भूकंप झाला तेव्हा धाकटी पाळण्यात होती" एवढ्यावरून अर्धं कुटुंब जागेवर बसतं. पणजोबा कधी गेले हे कुणालाच सांगता येत नसेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा फेरफार बघा. नोंद मात्र मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झालेली असू शकते.

फोटो पावसाळ्यात हाताळू नका. दमट हवेत त्यांचा पृष्ठभाग मऊ पडतो आणि बोट लागलं तरी ठसा उमटतो. बुरशीचे ठिपके ओल्या फडक्याने पुसलेत तर चेहराच निघून येईल. आधी सावलीत वाळू द्या, मग मऊ कोरड्या ब्रशने झटका. काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा नाही, काचेसकटच स्कॅन करा. पासपोर्टएवढ्या फोटोला 600 डीपीआय ठेवा. मुंबईच्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं बजावा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो. फोटोखालच्या ओळीत लिहा: डावीकडून कोण, नातं काय, जागा कुठली. माहेरवाशिणींची नावं राहतात आणि त्यावरून वर्षभर बोलणी खावी लागतात.

एक पान त्यांच्या वस्तूला द्याच. कोयता असेल तर पडवीत सकाळच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता, मुठीवर अंगठ्याने पडलेली झीज दिसेल असा घ्या. शेजारी आंब्याच्या पेट्यांची दलालाकडून आलेली हिशेबाची पट्टी किंवा मनिऑर्डरचं कूपन लावा. त्या बोटभर जागेत बापाने मुलांना लिहिलेल्या दोन ओळी तुमच्या पानभर मजकुराला भारी पडतील.

छपाईला डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) बरा. पानं चारच्या पटीतच येतात. मजकुराला 80 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो हा साधा कागद, फोटोंच्या मधल्या चार पानांना 130 चा गुळगुळीत आर्ट पेपर. तुमचा युनिकोड मजकूर प्रेसवाला त्याच्या फाँटमध्ये बदलतो तेव्हा जोडाक्षरं फुटतात. प्रूफ आल्यावर 'ऱ्या', 'श्र', 'द्ध' आणि सगळे रफार बोट ठेवून तपासा. 'श्राद्ध' हाच शब्द चुकलेला असतो. मग प्रूफ घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा. नात्यातली चूक तिथेच पकडली जाते.

शेवटची दोन पानं कोरी सोडा, तीही मॅपलिथोचीच. आर्ट पेपरवर पेनाची शाई पुसते, आणि वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर कुणीतरी "अरे, ते राहिलंच" म्हणत पेन मागणार.