वेस्टगेटची नवी डबी बसवताना दांडीची लांबी नको, दाब मोजा

वेस्टगेट ही टर्बोतली झडप. टर्बो इंजिनात भरत असलेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, हद्दीबाहेर जाऊ लागला की ती उघडते, आणि तिला हलवते एका डबीची दांडी. डिझेल जीपच्या टर्बोवर नवी वेस्टगेट डबी, म्हणजे अ‍ॅक्चुएटर, बसवताना जुन्या दांडीची लांबी व्हर्नियरने मोजायची आणि नवीला तेवढीच ठेवायची, अशी सर्रास रीत आहे. ती फसवी आहे. नव्या-जुन्या डबीतल्या स्प्रिंगचा ताण सारखाच असेल याची खात्री नसते. जुनी तर तापून तापून सैल पडलेली असू शकते. लांबी जुळली तरी झडप भलत्याच दाबाला उघडते.

आधी टर्बो वेस्टगेटचाच आहे ना, हे पाहा. व्हीजीटी (पाती फिरवून दाब बदलणाऱ्या) टर्बोवरही अशीच डबी दिसते, पण तिची दांडी आतली पाती हलवते. तिथे ही रीत चालत नाही. डबीची नळी व्हॅक्यूम पंपाकडे जात असेल तरीही थांबा. पुढचं सगळं दाबावर उघडणाऱ्या डबीसाठी आहे.

गेज असलेला 0 ते 2 बारचा हातपंप, चुंबकी स्टँडचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारा), पाने, पक्कड आणि नवी सर्क्लिप (दांडी निसटू न देणारी छोटी क्लिप) एवढं लागतं. डायल गेज नसेल तर नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून तासाभरासाठी आणा. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर थेट लावू नका. त्यात 7-8 बार दाब असतो, डबीतला डायफ्राम (पातळ पडदा) जागीच फाटेल.

झडप किती दाबाला उघडावी, हा आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये किंवा टर्बोच्या माहितीपत्रकात मिळतो. बहुतेकदा 'दांडी 1 मिमी सरकते तेव्हा इतका बार' असा दिलेला असतो. एककं नीट वाचा: 1 बार म्हणजे 100 किलोपास्कल, साधारण 14.5 पीएसआय.

टर्बो पूर्ण गार झाल्यावर जुनी डबी सोडवा. दांडी मोकळी झाली की झडपेचा लीव्हर बोटाने हलवून पाहा. तो कुठेही न अडकता फिरला पाहिजे. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसाचिखलात फिरून महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत बुश गंजून लीव्हर जड झालेला असतो. तो मोकळा न करता नवी डबी बसवणं म्हणजे पैसे वाया.

नव्या डबीत पंपाने 1 बार दाब भरून मिनिटभर थांबा. काटा खाली आला तर डबी परत करा. मग ब्रॅकेट घट्ट बसवा, पण दांडी अजून जोडू नका.

आता मुख्य काम. डबीत नेमका ठरलेला दाब भरा, दांडी थोडी बाहेर येईल. माहितीपत्रकात 1 मिमी सरकल्यावरचा दाब दिला असेल, तर या वेळी किंचित कमी दाब घ्या. एका हाताने लीव्हर 'बंद' बाजूला धरा आणि दांडीचं टोक फिरवत राहा, जोवर त्याचं भोक ओढाताण न करता लीव्हरच्या खिळीवर अलगद बसत नाही. फिरवायचं ते टोकच. दांडी पक्कडीने धरून ठेवा, ती पिळली तर आतला डायफ्राम जातो. टोक आणि दांडी मिळून किमान सहा आटे गुंतलेले राहू द्या. सर्क्लिप लावा, दाब सोडा. आता स्प्रिंग झडपेला घट्ट ओढून धरते, हाच प्रीलोड.

डायल गेज दांडीच्या टोकाला टेकवून दाब शून्यापासून हळूहळू वाढवा आणि माहितीपत्रकात सांगितलेली हालचाल किती बारला होते ते टिपा. नेहमी खालून वर जात वाचा. उतरताना घर्षणामुळे आकडा वेगळा येतो. तीनदा सारखा, ठरलेल्या आकड्याइतका आला की लॉकनट आवळा आणि पुन्हा एकदा तपासा, कारण आवळताना टोक हमखास हलतं. दांडी आखूड केली की बूस्ट वाढतो, लांब केली की घटतो. एम6 च्या आट्यात अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिमी, आणि तेवढ्यानेही फरक जाणवतो.

नळी नवीच घाला, क्लॅम्पसकट. नळी फुटली किंवा निसटली तर डबीला दाबच पोचत नाही, झडप बंद राहते आणि बूस्ट बेफाम चढतो. सीआरडीआय (संगणकावर चालणारं डिझेल इंजिन असलेली) गाडी मग लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे बचावासाठी ताकद कमी करते; कोड बहुधा पी0234 (बूस्ट जास्त). उलट प्रीलोड कमी पडला तर चढाला ताकद नाही आणि मागे काळा धूर.

चाचणी कसारा घाटाच्या चढावर, गर्दी नसताना: तिसरा गिअर, 2000 आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. शेजारी बसलेल्याने बूस्ट गेज वाचावा, चालवणाऱ्याने नव्हे. स्कॅनरवर वाचत असाल तर तो बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच असल्याने इथे इंजिन बंद असतानाच 94-95 किलोपास्कल दिसतात. ते वजा केल्यावर उरेल तो बूस्ट. घाटात उंची बदलते, म्हणून हा आकडा चाचणीच्या जागीच घ्या. काटा ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन तिथेच राहिला तर दांडी अर्धा फेरा लांब करा. क्षणभर उसळी मारून खाली स्थिरावला तर हात लावू नका.