स्पॅनिशमध्ये फोन नंबर: या चुका टाळा

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. नंबर विचारायचा धडा आला की प्रत्येक बॅच त्याच खड्ड्यांत पडते.

पहिला खड्डा प्रश्नातच. आपण 'नंबर काय आहे' म्हणतो, म्हणून तोंडात 'के एस' येतं. स्पॅनिशमध्ये नंबर 'कोणता' ते विचारतात: 'कुआल एस तू नुमेरो दे तेलेफोनो?' समोर वडीलधारं किंवा अनोळखी माणूस असेल तर 'तू'च्या जागी 'सू'.

खरा घात मात्र साठ-सत्तरचा. सेसेन्ता, सेतेन्ता. एका व्यंजनाचा फरक. त्यात स्पेनचा मोबाइल नंबर नऊ आकडी, सुरुवात ६ किंवा ७ ने, आणि बरेच जण तो एकेक आकड्याने सांगतच नाहीत. पहिले तीन मिळून एक संख्या, पुढे दोन-दोनच्या जोड्या. शून्य ते दहा पाठ करून 'मॅडम, नंबर झाले' म्हणणारे इथे गार होतात.

मीही झाले होते. माद्रिदमध्ये खोली शोधत होते. घरमालकीणबाईंनी फोनवर भरभर नंबर सांगितला, 'सेइसथिएन्तोस सेतेन्ता इ दोस...' मी ऐटीत ६६२ लिहिलं. फोन लागला एका आजोबांना. 'से आ एकिबोकादो,' चुकीचा नंबर, ते शांतपणे म्हणाले. मी परत लावला, परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, खोली मिळाली का? चूक माझ्या वहीत असेल हे डोक्यातच आलं नाही. ६७२ सुचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि खोली गेली.

तेव्हापासून लिहिलेला नंबर मी सुटा करून परत वाचते: सेइस, सिएते, दोस. समोरचा कंटाळला तरी चालेल. आणि लक्षात ठेवायला, सेइसमधला 'स' सेसेन्तात, सिएतेमधला 'त' सेतेन्तात. मोबाइल पुढे करून 'तुम्हीच टाइप करा' ही पळवाट मला वर्गात चालत नाही. फोनवर बोलताना कुणापुढे काय करणार?

बाकी किरकोळ. ६१२ म्हणजे 'सेइसथिएन्तोस दोथे', मध्ये 'इ' (म्हणजे 'आणि') घुसडू नका. तो एकतीसपासून पुढे दशक आणि एककाच्या मध्येच. ७०० 'सेतेथिएन्तोस', 'सिएतेथिएन्तोस' नाही. स्पेनमध्ये 'मोबिल', लॅटिन अमेरिकेत 'सेलुलार'.

आणि मेक्सिकोत फोन उचलून 'ब्वेनो' म्हणतात. त्याचा अर्थ 'बरं' असा लावून गप्प बसू नका, तो त्यांचा 'हॅलो' आहे. आता तुम्ही बोलायचं.