जाहिरात आठवते, पण कोणाची ते आठवत नाही? या चुका टाळा

लोक जाहिरात बघून हसतात, डोळे पुसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतात. दुसऱ्या दिवशी "कशाची होती?" असं विचारलं की मात्र गप्प होतात. जाहिरातीवर पैसा घालणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. त्याचं मूळ बहुतेक वेळा चित्रीकरणात नसतं, गोष्ट ठरवतानाच चूक झालेली असते.

माल गोष्टीच्या बाहेर उभा असणे

तपासायचं कसं? गोष्टीतून माल काढून बघा. तरीही ती शाबूत राहिली, तर तुम्ही सुंदर लघुपट केलाय, जाहिरात नाही. दिवाळीच्या सुमारास अशा तीन-तीन मिनिटांच्या फिल्म ढिगाने येतात. मुलगा गावी परततो, आई दार उघडते, शेवटी लोगो. त्या लोगोच्या जागी रंगाचा डबा, मिठाई, विमा काहीही ठेवा, फरक पडत नाही.

आता फेविकॉलची बस आठवा. राजस्थानातला खडबडीत रस्ता, टपापासून शिडीपर्यंत लोंबकळणारी माणसं, गचक्यांवर गचके, आणि पडत कुणीच नाही. बस पुढे निघून जाते तेव्हा तिच्या मागे फेविकॉलची जाहिरात दिसते. एकही संवाद नाही. इथे फेविकॉल काढला तर गोष्टच उरत नाही. पीयूष पांडे आणि ओगिल्वी या जाहिरात एजन्सीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी फेविकॉल बनवणाऱ्या पिडिलाइटसाठी वर्षानुवर्षं हीच वाट धरली. विनोद कुठलाही असो, तो चिकटण्यातूनच निघायचा.

दुरुस्ती करायची असेल तर फिल्म कामाशी संबंध नसलेल्या चार जणांना दाखवा. "आवडली का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. एक दिवस जाऊ द्या आणि त्यांना गोष्ट सांगायला लावा. सांगताना मालाचं नाव आपणहून तोंडात आलं नाही, तर संकलनाला परत बसा.

अडचण न शोधता कल्पना शोधणे

"काहीतरी व्हायरल होईल असं करा" हा ब्रीफ, म्हणजे जाहिरात करणाऱ्याला नेमकं काय हवं ते सांगणं, नव्हे. कॅडबरी डेअरी मिल्कची १९९४ची जाहिरात बघा. फलंदाज षटकार मारून शतक पुरं करतो आणि त्याची मैत्रीण सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत शिरते. नाच गोड आहेच, पण त्याच्या मागे एक नेमकी अडचण होती. चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ, मोठ्यांनी ते चारचौघांत कसं खायचं? त्या मुलीच्या बेभान नाचण्यात या प्रश्नाचं उत्तर होतं. २०२१मध्ये तीच जाहिरात भूमिका बदलून आली. मैदानात बाई, नाचणारा पुरुष. सांगाडा इतका पक्का होता की सत्तावीस वर्षांनीही त्याने नवा अर्थ पेलला.

सर्फची ललिताजीही अशीच अडचणीतून जन्मली. निर्मा कितीतरी स्वस्त होती आणि घराघरांत पोचली होती. अलेक पदमसी यांच्या लिंटास या एजन्सीने सर्फच्या शुभ्रतेचे गोडवे गायले नाहीत. भाजी पारखून घेणारी, पैशाला घट्ट बाई उभी केली आणि तिच्या तोंडी हिशेब दिला: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. एवढाच एक मुद्दा. सुगंध, फेस, नवं पाकीट असं सगळं तीस सेकंदांत कोंबलं असतं, तर ललिताजी आज कुणाला आठवली नसती.

स्वतःला कंटाळा आला म्हणून बदलणे

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. मालक आणि एजन्सी एकच जाहिरात महिनोन्‌महिने बघतात आणि विटतात. ग्राहकाने ती तेव्हा कुठे नीट पाहिलेली असते. मग नवं घोषवाक्य, नवा रंग, नवी धून येते आणि साठवलेली ओळख वाया जाते.

अमूलची मुलगी १९६६पासून आहे. जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांची कल्पना, युस्टेस फर्नांडिस यांचं रेखाटन. ठिपक्यांचा फ्रॉक आणि निळे केस तेच राहिले, फलकावरचा विषय मात्र ताज्या घडामोडींप्रमाणे बदलत गेला. हे जमलं त्यात अमूलची धुरा वाहणाऱ्या वर्गीज कुरियन यांचा मोठा वाटा आहे. प्रत्येक फलक आधी मंजुरीला पाठवायची सक्ती त्यांनी ठेवली नाही. सात साहेबांच्या सह्या होईपर्यंत घडामोड शिळी होते, हे ज्यांच्या कंपनीत घडतं त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून काय बदलायचं नाही ते आधी लिहून काढा: चेहरा, धून, रंग, बोलण्याची ढब. उरलेलं खुशाल बदला.

चेहरा विकत घेणे

एकच नट सकाळी तेल, दुपारी सिमेंट आणि रात्री मोबाइल विकत असेल, तर लक्षात नट राहतो. गिरगावात १९५९मध्ये सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जत पापडाला नट लागला नाही. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला ससा पुरला आणि तो ससा फक्त लिज्जतचाच राहिला. हच या मोबाइल कंपनीचा पग कुत्रा मुलाच्या मागे-मागे जायचा, म्हणजे तोच नेटवर्क होता. २००९च्या आयपीएलमधले व्होडाफोनचे झूझू अ‍ॅनिमेशन वाटायचे, प्रत्यक्षात पोशाख चढवलेली माणसं होती. बजेट कमी असेल तर स्वतःचं पात्र घडवा, ते उद्या दुसऱ्याकडे कामाला जात नाही.

मराठीला सगळ्यात शेवटी बोलावणे

हिंदी जाहिरात पूर्ण होते, मग कुणाला तरी रातोरात मराठी करायला सांगतात. ओठ हिंदीत हलतात, जिंगलच्या चालीत मराठी शब्द बसत नाहीत म्हणून मात्रा ओढल्या जातात, आणि कोल्हापूरची आजी पुस्तकी वाक्यं बोलते. प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात कळतं की हे आपल्यासाठी केलेलं नाही. महाराष्ट्रात विकायचं असेल तर मराठी लेखकाला ब्रीफच्या दिवशीच बैठकीत बसवा, धून बांधायच्या आधी.